बेलफास्ट बघून आलेले उस्ताद

उस्ताद वासिफ आयर्लंडचे नागरिक झाले, अशी बातमी गावात फिरत होती. फिरवली मीच, तेव्हा दुरुस्तही मीच करतो. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माझा शेजारी कुठल्याशा संस्थेच्या खर्चाने अकरा दिवस बेलफास्टला जाऊन आला, आणि येताना सर्दी अन् एक लोकरीची टोपी घेऊन आला. बस्स.

पण त्या अकरा दिवसांनी आमचा छळ मांडला. तिथेही भिंती होत्या, तिथेही घरटी एक माणूस तुरुंगात होता, तरी शेवटी दोन्हीकडचे लोक एका टेबलाशी बसले; मात्र तीस वर्षं लागली, घाई करून चालत नाही, असं उस्ताद न्हाव्याकडे सांगत, बेकरीच्या रांगेत सांगत. भाकरी करपली तरी त्यांची बायको उम्म ताहा म्हणायची, "थांबा, तीस वर्षांत मऊ होईल."

उस्तादांचा सगळा जीव लष्कराने घातलेल्या कुंपणापलीकडच्या बेचाळीस जैतुनांत, म्हणजे ऑलिव्हांत. वडिलांनी लावलेली झाडं. फळांच्या तोडणीला कुंपणाचं फाटक तीन दिवस उघडतं, सकाळी सातला आणि दुपारी चारला थोडाच वेळ, आणि ज्याच्याकडे परवाना त्यालाच सोडतात. यंदा परवाना एकट्या उस्तादांना मिळाला. उम्म ताहाला नाही, मला तर नाहीच.

पहिल्या दिवशी ते एकटेच चादर, शिडी घेऊन गेले. दुपारी पोती न्यायला मी गाढव घेऊन अलीकडे उभा राहिलो. पावणेचारला उस्ताद दोन पोती ओढत पलीकडे हजर. चार वाजले, पाच वाजले, कुलूप उघडायला कुणी येईना. तारेतून मी त्यांना भाकरी अन् झातरचा मसाला दिला, आणि राहवेना म्हणून विचारलं की बेलफास्टात या वेळी चहा देतात का. ते हसले. अजून हसत होते तोवर.

साडेसहाला जीप आली. सैनिकाने कागद पाहिला आणि म्हणाला, परवाना चारपर्यंतचा, तुम्ही अजून पलीकडेच कसे? उस्तादांनी घड्याळ दाखवलं, माझ्याकडे बोट केलं, मीही साक्ष दिली. त्याने कागद घडी करून खिशात घातला, फाटक उघडलं, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. चौतीस झाडांची फळं तोडायची राहिली होती.

गाढवामागून चालताना उस्ताद टोपी हातात चुरगाळत होते. मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. म्हटलं, "मग उस्ताद, बेलफास्ट काय म्हणतं?"

ते म्हणाले, "तेच म्हणतं, अबू झाहिर. तीस वर्षं लागतात. फक्त तिथे माणूस ती वर्षं आपल्या दाराच्या आत बसून काढतो, दुसऱ्याच्या कुलपापाशी उभा राहून नाही."