यादीबाहेरची पाखरं

नियमांची यादी मीच लिहिली होती. जोह्यात आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो, त्यामुळे हात स्थिर आणि अक्षर बरं. मंडळात काही लिहायचं निघालं की वही माझ्यापुढे सरकते. मंडळ म्हणजे फार मोठं नाही. पेणपासून रोह्यापर्यंत शर्यतीची कबुतरं पाळणारी आम्ही पंधरा-सोळा माणसं. कुणी कंपनीत शिफ्टला जातो, कुणाची भातशेती, कुणाचं दुकान. थंडीत आमची पाखरं एकाच टेम्पोतून खाली चिपळूणकडे नेऊन सोडतात आणि ती आपापल्या घरी परत येतात.

त्या टेम्पोतच घोळ झाला. एकाच्या पाखरांना मान फिरायचा रोग होता आणि त्याने तो दडवला. पंधरा दिवसांत आमच्या निम्म्या ढाबळींमध्ये, म्हणजे कबुतरांच्या घरांमध्ये, पाखरं माना उलट्या करून गोल फिरायला लागली. माझी सगळ्यात चांगली मादी त्यात गेली. दाणा टिपायला चोच खाली न्यायची आणि दाण्याच्या बोटभर बाजूला मारायची. ती उपाशी मेली म्हटलं तरी चालेल.

म्हणून पावसाळा संपल्यावर पेणला एका सभासदाच्या शेडमध्ये बसून आम्ही नियम केले. ढाबळ जमिनीपासून कमरेइतकी उंच हवी, म्हणजे ओल येत नाही आणि धामण शिरत नाही. हवा वरच्या अंगाने खेळती, पण पाखरांच्या अंगावर वारा नको. प्रत्येकाला बसायला स्वतःचा खण, कारण खण नसला की भांडणं होतात आणि हरलेलं पाखरू नीट खात नाही. पाणी दोन वेळा ताजं, जमीन खरवडलेली. नवीन पाखरू तीन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात. लस टोचलेली. आणि एवढ्या लांबीरुंदीच्या ढाबळीत एवढीच पाखरं, त्याहून एक जास्त नाही. जो या नियमांत बसणार नाही त्याची पाखरं टेम्पोत चढणार नाहीत. तपासायला कोण जाणार? अक्षर माझं, मोजपट्टीही माझ्याकडे. मला जबाबदारी मिळाल्याचं बरंच वाटलं, हे आज कबूल करायला हवं.

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या काकांची ढाबळ मी सगळ्यात शेवटी ठेवली होती. तिथे तपासायचं असं काही नसेल, चहा पिऊन परत येऊ, असं डोक्यात होतं.

काका म्हणजे नात्याचे कुणी नव्हेत. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांचं एक थकलेलं पाखरू आमच्या कारखान्याच्या पत्र्यावर उतरलं. पायातल्या कडीवर नंबर होता. विचारत विचारत फोन लागला तेव्हा पलीकडून आवाज आला, "पाणी पाज, पण दाणा लगेच देऊ नको. मी येतो." मीच म्हटलं, नको, मी आणतो. खोक्याला भोकं पाडून, पेणहून रोह्याची गाडी धरून, पूल ओलांडून मी अष्टमीला गेलो. काका तेव्हा धाटावच्या एका कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी पाखरू हातात घेतलं, पंख पंख्यासारखा उघडून पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हातात धरायची रीत चुकली तुझी. ये, दाखवतो." त्या दिवशी परत येताना खोक्यात एक जोडी होती. मला कबुतरांचं जे काही येतं ते त्या माणसाने शिकवलं. पिल्लू सात दिवसांचं झालं की कडी घालायची, आठव्या दिवशी पाय जाड होतो, हे त्यांनीच सांगितलेलं.

नवरात्रात मी वही आणि मोजपट्टी घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकी अंगणात भात वाळवत होत्या. "वर हायत," म्हणाल्या, "जा, पण डोकं सांभाळ, ठिकठिकाणी बसलेली हायत."

खरोखरच ठिकठिकाणी बसली होती. ढाबळीत माझ्या हिशेबाने तीस पाखरं मावायला हवी होती. मी दोनदा मोजली. सत्तेचाळीस. एकेका खणात दोन दोन, काही खालच्या फळीवर, काही काकांनी खोबरेल तेलाचे डबे आडवे ठोकून केलेल्या जागेत. एकाचा पंख कायमचा खाली लोंबत होता. एक आंधळं होतं. जमिनीवर विष्ठेचा थर होता. कोरडाच होता, पण यादीत खरवडलेली जमीन असं होतं.

"ही सगळी तुमची?" मी विचारलं.

"माझी असती तर नंबर माझा नसता का पायात?" काका हसले. "बघ की."

मी कड्या बघितल्या. कासू गावच्या सभासदाची तीन, पेणच्या दुकानदाराची सहा-सात, अशी सगळ्यांची. शर्यतीत मागे पडलेली, शिकऱ्याने फाडलेली, म्हातारी झालेली. लोक त्यांना आणून देत होते, "काका, हे तुमच्याकडे राहू दे," आणि काका ठेवून घेत होते. त्यांत पाच माझी होती. एकेक करून, वेगवेगळ्या वर्षी, मीच आणून दिलेली. देताना दरवेळी मला हलकं वाटलं होतं आणि घरी येऊन मी तो विषय विसरलो होतो. माझ्या ढाबळीत प्रत्येक पाखराला स्वतःचा खण होता, त्याचं कारण हे इथे बसलं होतं.

हे मला त्या क्षणी दिसलं. नंतर सुचलं असं नाही. दिसलं, आणि तरी मी वहीत संख्या लिहिली, वेगळा पिंजरा नाही असं लिहिलं, जमीन अस्वच्छ असं लिहिलं. काका शेजारी उभे राहून मोजपट्टीचं दुसरं टोक धरत होते.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांच्या ढाबळी वाचून दाखवल्या. काकांची वाचताना आवाज थोडा कमी केला, एवढंच. ज्यांची पाखरं त्यांच्याकडे होती ते सगळे तिथे बसले होते. कुणीही मान वर केली नाही. मीही माझी पाच मोठ्याने बोललो नाही. एक महिन्याची मुदत ठरली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बरोबर हाय. गर्दी झालीय, मला पण ठाव हाय. पण जी उडत नायत त्यांचं काय करायचं, ते लिवलंय का यादीत?"

मी वही चाळल्यासारखं केलं. "तसं काही नाही, काका."

"व्हय," ते म्हणाले आणि उठून चप्पल शोधायला लागले.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ते जोह्याला आले. एसटीने आले होते, हातात बांबूची करंडी. आत माझी पाच. ज्याचं पाखरू त्याला परत द्यायचं ठरवलंय, म्हणाले. रागाने नाही, सरळ. करंडी खाली ठेवून त्यांनी एकेकाचं सांगितलं. ह्याला वाटाणा भिजवून लागतो, चोच वाकडी झालीय. ही रात्री फळीवरून पडते, हिला खालचा खण दे. ह्या दोघांची जोडी हाय, तोडू नको. मी हो हो म्हणत होतो. चहा न घेता ते परतीच्या बसला गेले.

माझी ढाबळ पूर्ण भरलेली होती. यादीत बसेल इतकीच पाखरं, एकही खण रिकामा नाही. बायको म्हणाली, "कारखान्याच्या मागं पत्र्याखाली जागा हाय की. चार फळ्या ठोका." तिथे प्लास्टरची धूळ असते, पाखरांची छाती खराब होते, असं मी तिला सांगितलं. ते खरंही होतं. पण दोन दिवस काम केलं असतं तर पलीकडच्या अंगाला जागा झाली असती, हेही खरं होतं. मी पाचही करंडीतच ठेवली. तिसऱ्या दिवशी कोंबड्या-कबुतरं घेणारा एक जण मोटारसायकलवरून पेणला चालला होता. मी त्याला हाक मारली.

"पाळायला नेतोस ना?" मी विचारलं.

"पाळायलाच की," तो म्हणाला आणि त्याने करंडीत हात घालून पाचांचे पाय एका हातात धरले. पाळायला नेणारा माणूस तसा धरत नाही. मी पैसे घेतले नाहीत. त्यामुळे मला बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. संध्याकाळी बायकोने रिकामी करंडी पाहिली आणि नुसतं विचारलं, "काकांनी विचारलं तर?"

महिना झाल्यावर मी अष्टमीला पुन्हा तपासायला गेलो. ढाबळीत सव्वीस पाखरं होती. जमीन खरवडलेली, कोपऱ्यात नवीन पाखरांसाठी वेगळा पिंजरा, सगळं नियमाप्रमाणे. मी पास लिहिलं. जिन्यावरून उतरताना काकांनी विचारलं, "माझी पाच कशी हायत?"

माझी पाच म्हणाले. कड्या माझ्या होत्या, तरी.

"बरी आहेत," मी म्हटलं. "ते वाकड्या चोचीचं पण खातं."

"भिजवून देतोस ना?"

"हो तर."

असं खोटं बोलताना माणूस जास्तच बारकाईने बोलतो, हे मला तेव्हा कळलं. पुढे मी जोडी पुन्हा अंड्यावर बसलीय असंही सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. त्या वयात अंडी म्हणजे नवलच, म्हणाले.

शर्यती सुरू झाल्या. काकांनी एकही पाखरू टेम्पोत दिलं नाही. आम्हाला वाटलं, पुढच्या फेरीला देतील. दिलं नाही.

माघी गणपतीच्या सुमारास ते आणि काकी कारखान्यात आले. मुलीच्या घरी मूर्ती हवी होती, ती बघायला. मूर्ती ठरली. मग काका म्हणाले, "जरा ढाबळ बघून येतो." मी नको म्हणू शकलो नाही. मागोमाग गेलो. ते जाळीपाशी उभे राहिले आणि वरच्या रांगेपासून एकेका खणाकडे बघत गेले. मग मधली रांग. मग खालची. मला वाटलं, आता विचारतील. मी मनात दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. मांजर, शिकरा, रोग. ते खालच्या रांगेच्या शेवटच्या खणापर्यंत गेले, तिथे थोडं थांबले आणि वळून म्हणाले, "रंग कधी सुकतो मूर्तीचा? शनिवारी नेली तर चालंल ना?"

चालेल, मी म्हटलं.

त्यानंतर मला आखणीला बसवेना. डोळा काढायचा तर मन एका जागी लागतं. महिनाभरात दोन मूर्तींचे डोळे पुसून पुन्हा काढावे लागले. शेवटी बैठकीत मी एक नियम वाढवायचं म्हटलं: ज्याचं पाखरू त्याने ते शेवटपर्यंत सांभाळायचं, आणि शर्यतीच्या ढाबळीशेजारी म्हाताऱ्या पाखरांसाठी वेगळी जागा दाखवल्याशिवाय नवीन पिल्लाला कडी मिळायची नाही. कुरकूर झाली. एक जण म्हणाला, "मग काय वृद्धाश्रम काढायचा का?" पण नियम झाला. मी घरी येऊन पत्र्याच्या पलीकडच्या अंगाला फळ्या ठोकल्या. दीड दिवस लागला.

मग मी अष्टमीला गेलो, सांगायला. काका पडवीत वालाच्या सुक्या शेंगा झोडत होते. नवीन नियमाचं ऐकून म्हणाले, "बरं केलंस." काठी चालूच होती. काकी पाणी घेऊन आल्या. मी ग्लास हातात धरून म्हटलं, "काका, ती पाच माझ्याकडे नाहीत. मी तिसऱ्याच दिवशी देऊन टाकली. अंड्याचं पण खोटं होतं."

काठी थांबली. काकीच बोलल्या आधी. "अरं, त्यांना ठाव हाय. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या बोलले, नायत म्हणून. मी म्हटलं, विचारा. तर म्हणाले, तोच सांगंल."

"एवढे दिवस लागले," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, शेंगांकडे बघत होते. "कुणाला दिलीस?"

मी सांगितलं.

"पाय धरून नेली का अंगाला धरून?"

"पाय धरून."

त्यांनी मान हलवली आणि काठी उचलली. झोडता झोडता म्हणाले, "माझीच चूक. मी तुझ्याकडं आणायलाच नको होती. सत्तेचाळीस म्हंजे सत्तेचाळीस, असं सांगायला हवं होतं तुमच्या मंडळाला." मी म्हटलं, तुमची कसली चूक. मी निघताना काकींनी कडव्या वालाची पिशवी भरून दिली. ती मी नको म्हणून तीनदा मागे सारली, आणि त्यांनी तीनदा पुढे केली.

अजून मी ढाबळी तपासतो. आता कुणाकडेही गेलो की मोजपट्टी काढायच्या आधी विचारतो, म्हातारी कुठे ठेवलीत? काही जण दाखवतात. काही जण दुसरंच बोलायला लागतात, आणि मला कळतं.

काका भेटतात, फोनवर बोलतात, मूर्ती आमच्याकडूनच नेतात. त्यांच्या बोलण्यात कुठेही कडवटपणा नाही. पण अष्टमीला गेलो की आम्ही पडवीत बसतो. पूर्वी चहा व्हायच्या आधीच ते म्हणायचे, चल, वर चल. आता चहा होतो, पावसापाण्याचं बोलणं होतं, डोक्यावर पाखरांचं गुटुर्र गुटुर्र चालू असतं, आणि थोड्या वेळाने मी उठतो.