उष्टावणाचा मामा

पोराच्या तोंडात पहिला घास कधी घालायचा, या एका प्रश्नावरून माझ्या आईच्या मामेभावाने जितकी माणसं दुखावली, तितकी आमच्या तालुक्यात निवडणुकीनेही दुखावली नसतील. नात्याने तो माझा मामा. वेंगुर्ल्याकडच्या बागांतून आंब्या-काजूची कलमं बांधण्यात त्याचा जन्म गेला, पण त्याची ओळख वेगळीच. ज्या बाईला भाऊ नाही, किंवा आहे पण मस्कतला आहे, तिच्या मुलाचं उष्टावण हा करतो. पहिला घास मामानेच भरवायचा ही आपल्याकडची रीत. असा हाकेसरशी येणारा मामा मिळाल्यावर कोण सोडतंय? मात्र त्याची एक अट असते. तो पंचांग बघत नाही. पोराला बघतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी तो येतो. काखेत कापडी पिशवी, तिच्यात पंच्यात गुंडाळलेली स्वतःची वाटी आणि लहानसा चमचा. चहालाही न थांबता हात साबणाने कोपरापर्यंत धुतो आणि पोराला मांडीवर बसवतो. चेहरा असा, की घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटावं. पोराची मान लटपटली तर विषय तिथंच संपला. मान सावरली, तर रिकामा चमचा ओठांना लावतो. पोराने जिभेने तो बाहेर ढकलला की खाली मान घालून म्हणतो, "परत धाडल्यान." तिसरी परीक्षा जेवणाची. पोराला समोर बसवायचं आणि आपण सावकाश बांगड्याचं तिकलं आणि भात जेवायचा, नजर सगळी पोरावर. त्याचे डोळे हाताबरोबर फिरतात का, तोंड उघडतं का, ते पुढे झेपावतं का. या परीक्षेला मामाला तीन वेळा भात वाढावा लागतो, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे.

कणकवलीत एका कंत्राटदाराने नातवाचं उष्टावण हॉल घेऊन केलं. दोनशे पान, फोटोवाला, सगळा थाट. सून एकुलती एक, म्हणून मामाला बोलावणं; तेही थेट हॉलवर. मामाने स्टेजवर पोराला मांडीवर घेतलं, चमचा लावला, जीभ बाहेर आली. फोटोवाला ओरडतोय, "मामा, जरा इकडे बघा!" मामाने चांदीच्या वाटीतली खीर शांतपणे स्वतः संपवली, मिशी पुसली आणि माइक मागून घेतला. "पोराक अजून नको आसा. पाव्हण्यांनू, जेवून घेवा."

ही गोष्ट ऐकून मी पोट धरधरून हसले होते. माझ्या मुलीवर पाळी आली तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठे पळालं. ती सात आठवडे आधी जन्मली. कोल्हापूरच्या दवाखान्यात पंचवीस दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणली तरी दोन घोट दूध ओढायची की दमून झोपायची. वजन पुढे सरकायचं नाव नाही. येणारा प्रत्येक जण सांगायचा, दोन घास पोटात गेले की बाळसं धरेल. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, घाई नको, लवकर आलेले आठवडे वयातून वजा करा. पण ऐकायला कान होते कुणाला? मला तर अजिबात नव्हते. मला ती जगायला हवी होती, आणि जगणं म्हणजे खाणं, एवढंच तेव्हा मला कळत होतं.

मुलींचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून पाचवा महिना ठरला. फोंडाघाटजवळच्या आमच्या घरी तीस माणसं जमली. आदल्या संध्याकाळच्या परीक्षेत मुलीची मान लटपटली होती. "सकाळी बघूया, झोपेत आसा ती," असं म्हणून मीच मामाला थांबवून घेतलं. सकाळी तेच. चमचाही परत धाडल्यान.

"बाय, हिका अजून नको," मामा म्हणाला.

"मामानू, खीर झाली, पाव्हणे इले," सासूबाई काकुळतीला आल्या. "नुसती ओठाक तरी लावा!"

"ओठाक लावून फसवूचा कोणाक? तिका, काय पाव्हण्यांका?" आणि त्याने वाटी पुन्हा पंच्यात गुंडाळली.

माझं डोकंच फिरलं. तीस माणसांसमोर मी ओरडले, "तुका सवताचा एक पोर नाय! तुका काय कळतला आयशीचा काळीज?"

बोलले आणि जीभ चावली, पण उपयोग काय. तो पिशवी काखेत मारून उठला. न जेवता बारा वाजताच्या एस.टी.ने निघून गेला. मामा न जेवता गेला, असं पूर्वी कुठल्याही घरी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाई परसात आहेत हे बघून, मी नाचणीचं सत्त्व शिजवलं आणि मुलीला एक चमचा भरवला. तिला ठसका लागला. चेहरा लाल झाला, मग काळपट, आणि आवाज येईना. माझी किंकाळी ऐकून सासूबाई धावत आल्या, तिला हातावर पालथी घेतली आणि पाठीत थापट्या मारल्या. ती रडली तेव्हा मी तिला ओढून छातीशी धरलं. मी मामाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"रडली मां?" त्याने विचारलं.

"रडली."

"मगे बरा आसा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात दाखव, आणि दूध पाज. मी आयतवारी येतंय."

तेव्हापासून दर रविवारी दोन एस.ट्या बदलून तो यायचा आणि माझ्या मुलीसमोर बसून जेवायचा. सुरुवातीला ती पंख्याकडे बघायची. मग त्याच्या मिशीकडे बघू लागली. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी राहायचे. आज माफी मागायचीच असं ठरवून तोंड उघडलं, की तो म्हणायचा, "बाय, आमटी वाढ." मुलगी दुधावरच हळूहळू भरत गेली, मान ताठ झाली, उशीला टेकून बसू लागली.

आणि एका रविवारी त्याने घास उचलला, तशी तिने आ वासला. दोन्ही हातांनी झेपावून त्याचं मनगटच धरलं! मामाने जेवण थांबवलं, हात धुतले, रिकामा चमचा तिच्या ओठांना लावला. तिने तो ओठांत घट्ट मिटून धरला, सोडीचना.

"अगो बाई, आठवो महिनो चललो हा!" सासूबाई आतून ओरडल्या. "चेडवाचा उष्टावण सम महिन्यात करीत नायत!"

"तिका खंय मोजूक येता, वयनी?" मामा म्हणाला.

सासूबाई पुटपुटत उठल्या आणि उकड्या तांदळाची पेज घोटून मऊ करायला बसल्या.

पाहुणे नव्हते, खीर नव्हती. मुलगी त्याच्या मांडीवर. मामाने चमचा भरला, आणि पेज त्याच्याच धोतरावर सांडली. पुन्हा भरला, पुन्हा सांडली. मग माझ्या लक्षात आलं, त्याचा हात थरथरत होता. त्याने चमचा वाटीत ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे, पोरांकडे बघतो तशा गंभीरपणे, बघत राहिला. मग वाटी माझ्यापुढे सरकवली.

"चेडू तयार आसा, बाय. माझो हात आता नाय. तू घाल."

"मामा, रीत तुझी आसा."

"रीत मागसून बघूया. घास सरळ जावक व्हयो."

मी भरवला. तिने तोंड वाकडं केलं, घास इकडून तिकडे फिरवला, आणि गिळला. मामाने मान दुसरीकडे वळवली होती.

"गेलो घास?" त्याने विचारलं.

"गेलो, मामा."

तो अंगणाकडे तोंड करून बसला आणि पंच्याने बराच वेळ डोळे पुसत राहिला. त्याच्या पानातला भात निवत होता, पण आम्ही कुणी त्याला हाक मारली नाही.