बगळ्या-बेडकीचं गाणं

मालक गेल्यावर मी निरगुडसरला दुसऱ्याच्या रानात कांद्याची पात काटून लेक वाढवली. तिचा नवरा बी लग्नानंतर वर्षातच गेला. रडून पोट भरत न्हाई, म्हनून दोघी मायलेकी कांदे काटायला जायचो. कांदा भरायला कळंबचा टेम्पोवाला यायचा. लेकीपेक्षा ल्हान, बिनलग्नाचा. त्याच्या टेपवर एकच गाणं, बगळ्याचं बेडकीवर मन बसल्याचं. पुढं त्यानंच लेकीला मागणी घातली.

हळदीला गावातल्या पोरांनी तीच कॅसेट लावली. पहिलंच कडवं वाजवायचे आन परत मागं फिरवायचे. त्यात बगळ्याला सगळा गाव हसतो. माझी जाऊ म्हनाली, "घ्या, नवरदेवाचं गाणं लागलं!" मांडवात हशा पिकला. विहीण नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आली व्हती, ती तशीच माघारी वळली.

"माझ्या पोराचं हसू करायचं असंल तर ऱ्हाऊ द्या हे लगीन."

मी पोरांवर वरडले, "बटनाला हात लावू नका, पुरतं वाजू द्या." विहिणीला म्हनलं, "ताई, एवढं ऐका, मग खुशाल जा."

शेवटच्या कडव्यात बगळा बेडकीसाठी तुळशीची माळ घालतो, मासे सोडतो, आन हसणारा गाव त्याच्याच लग्नाला जेवायला येतो.

विहिणीला हसू फुटलं. "आवं, माझ्या पोराला मटन सोडवता का काय?"

"न्हाई वो, लेक माझी रस्सा झकास करती."

विहिणीनं लेकीच्या गालाला हळद लावली. जाऊ मागंच बसलेली. मी म्हनलं, "बसती काय? तू बी लाव."