उज्वलाचा नकार

उज्वला नऊवारी नेसवते ती एकदा बघाच. समोरची नटी फोनवर बडबडत असते, ही तोंडात पिना धरून तिच्याभोवती फिरते, आणि फोन संपायच्या आत काष्टा चापून बसलेला असतो. मी मंगलाबाई, तिच्याच खोलीत इस्त्री करते. त्र्यंबक रोडला आमच्या ऐतिहासिक मालिकेचा सेट आहे आणि कपडेपटात आम्ही दोघीच बायका, त्यामुळे तिचं काही माझ्यापासून लपलेलं नाही.

ती सिन्नरकडची. नवरा संतोष अंबडला कंपनीत होता. काही वर्षांमागे सकाळी डबा घेऊन ड्युटीला गेला तो परत आलाच नाही. ना भांडण, ना आजारपण. पोलीस झाले, देवऋषी झाले. आभाळच फाटलं तिथं ठिगळ कुठं लावणार? सेटवर कुणी विचारलं, मिस्टर काय करतात, तर ही शांतपणे सांगते, "अंबडला असतात." 

गावाकडे सासू आहे, साळूबाई. तिच्या स्वप्नात संतोष येतो. ओल्या कपड्यांनी उंबऱ्याबाहेर उभा राहतो, आत ये म्हटलं तरी येत नाही. त्र्यंबकेश्वरला पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला की असा अडकलेला जीव सुटतो, असं म्हातारीला कुणीतरी सांगितलं. झालं, दर अमावास्येला तिचा फोन. उज्वलाचे हात कामात, म्हणून फोन स्पीकरवर.

"करून टाकू गं बाई. पोराचे हाल बघवत नाय."

"पुतळा जाळला की माझं कपाळ पांढरं. मला नाही करायचं, आत्याबाई."

एवढं बोलून ही फोन बंद करायची. मला त्या म्हातारीचा लय राग यायचा. सुनेचं कुंकू डोळ्यांत खुपतं मेलीच्या, दुसरं काय!

त्या दिवशी राणीला तिच्या धन्याची पगडी आणून देतात, तो सीन होता. प्रेत सापडलेलं नाही, नुसती पगडी. आमचे दिग्दर्शक शेखर सर म्हणाले, "रडारड नको मला. तबकातली पगडी बघितली की माणूस गेला, हे कळलं पाहिजे." मग उज्वलाने कोरी पगडी चहाच्या पाण्यात भिजवली, माती चोळली, एका बाजूने उसवली. करता करता थांबली आणि पगडी नाकाला लावली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. चहाचाच वास येतोय," ती म्हणाली.

दुपारी सीन लागला. हिरव्या शालूतली सायली, म्हणजे आमची राणी, लढाईतून एकट्या परतलेल्या सरदारासमोर उभी राहिली.

"धनी पडताना तुम्ही पाहिलंत?"

सरदाराने मान खाली घातली. "नाही."

"मग कशावरून गेले म्हणता?"

माझ्या शेजारी उभ्या उज्वलाने जोरजोरात मान हलवली, बरोबर विचारलंस, अशी. सायली मात्र त्या पगडीकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "ते असते, तर मला इतकी वाट बघायला लावली नसती." आणि तळहाताने तिने स्वतःचं कपाळ पुसलं.

आमच्या सेटवर एक रीत आहे. खोटं का होईना, नटीचं कुंकू पुसलं गेलं, की शॉट संपल्या संपल्या सवाष्णीने ते परत लावायचं आणि तिच्या तोंडात साखर घालायची. मालिका सुरू झाल्यापासून हे काम उज्वलाचं. सायली कपाळ पुढे करून उभी राहिली. उज्वलाने करंडा उघडला, बोट बुडवलं आणि तशीच थांबली. मग करंडा माझ्या हातात दिला.

"ताई, तुम्ही लावा. माझा हात नको."

माझा नवरा घरी ढोसून पडलेला असतो, पण आहे. मी कुंकू लावलं. 

कपडेपटात आल्यावर मी तिला फाडफाड बोलले. "डोकं फिरलंय का तुझं? कुणीतरी एसीत बसून लिहिलेलं वाक्य ते!"

ती शालूची घडी घालत होती. "ताई, तो असा नव्हता. जिवंत असून मला टांगून ठेवणारा नव्हता. मग मी त्याला जिवंत म्हणते, तेव्हा त्याला काय ठरवते?"

मी इस्त्रीचं बटण बंद केलं.  तिने गावी फोन लावला, स्पीकरवरच.

"आत्याबाई, करू या त्र्यंबकला. मी येते."

  पलीकडून म्हातारीचा हुंदका ऐकू आला.

"तू कशाला हो म्हणलीस गं? तू नाय म्हणायचीस म्हणून तर मी इचारीत होते. तू नाय म्हणली का मला वाटायचं, हाय माझा पोरगा कुठंतरी."

उज्वलाच्या हातातली घडी तशीच राहिली. फोन दोघींपैकी कुणीच ठेवीना.