दोराला हात

रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराला ज्याचा हात लागला, त्याचा मासळीत वाटा. भिकाजी कोयंड्याने हा नियम चाळीस वर्षं पाळला. मुंबईचा पाहुणा हौसेने दोर ओढायला आला, तरी त्याच्या पिशवीत चार बांगडे पडायचे. आणि काठावर हाताची घडी घालून उभा राहणारा गावचा पुढारी असला, तरी त्याला शेपूट मिळायचं नाही. दोराच्या शेवटच्या टोकाला, टाचा वाळूत रुतवून, कायम भिकाजी.

गणपतीत त्याला हृदयविकाराचा झटका आला. कुडाळला नेलं, स्टेंट घातला, माणूस वाचला. घरी आल्यावर रापणीचा म्होरक्या भाई त्याच्या वाट्याचे मासे पाठवू लागला. पहिल्याच दिवशी भिकाजीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"दोराक हात लायल्याशिवाय वाटो? मी काय मेलंय?"

दुखणं हत्तीच्या पायाने येतं नि मुंगीच्या पायाने जातं, असं चार जणांनी त्याला समजावलं. भिकाजीला मुंगीची चाल मानवणारी नव्हती. तुळशीच्या लग्नापर्यंत दोरावर परत जायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "सपाट जागेवर रोज अर्धा तास हळूहळू चाला, आणि छातीत काही वाटलं तर लगेच कळवा." यातलं पहिलं अर्धं त्याने घरी आणलं, उरलेलं कुडाळच्या स्टँडवर सोडलं.

आता सपाट जागा कुठली? वाडीचा रस्ता दारातून निघाला की लगेच चढणीला लागतो. तेव्हा भिकाजी किनाऱ्यावर चालायला लागला. अनवाणी, सुरूच्या बनापासून खाडीच्या तोंडापर्यंत, घोट्यापर्यंत पाय रुतणाऱ्या कोरड्या वाळूतून. जन्म वाळूत गेलेल्या माणसाला वाळूचं ओझं कुठून कळणार?

आठवडाभरात छाती आवळल्यासारखी व्हायला लागली. चालताना सुरू व्हायचं, थांबल्यावरही राहायचं. डाव्या जबड्यात ओढ बसायची, हातातलं बळ जायचं. उलट्या घातलेल्या होडीला टेकून तो बसून राहायचा. आधी दहा मिनिटांत सुटायचं. मग अर्धा तास. मग दुपार झाली तरी छातीवरची शिळा हलेना. त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण बोललो तर दोर कायमचा सुटणार, ही भीती मरणापेक्षा मोठी होती. बायकोला, शेवंतीला तो म्हणायचा, "वायगोळो आसा गो." ती बिचारी ओवा द्यायची. दुखणं अंगावर काढायचं म्हणजे काय, ते भिकाजीकडून शिकावं. मूर्खपणासुद्धा.

तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं असताना एका सकाळी शेवंतीने त्याच्यासमोर पेज ठेवली आणि समोरच बसली.

"पयल्यांदा चालान इलास काय गरम पेज पियत होतास," ती म्हणाली. "मगे कोमट पिऊक लागलास. आता तिच्यार साय धरता, तरी तुमचो हात जाणा नाय. माझ्याकडे घड्याळ नाय, पण पेज आसा. तुमका दुखता."

भिकाजीने वाडगा उचलायला हात पुढे केला. त्याने तो परत मांडीवर ठेवला आणि लहान मुलासारखा रडला.

त्याच दिवशी ती त्याला कुडाळला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि विचारलं, "सपाट जागेवर चालत होता ना?"

"होय तर. आमच्या दर्यासारखी सपाट जागा खंय गावतली?"

"वाळूत?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, वाळूत चालणं म्हणजे रस्त्यावरच्या दुप्पट कष्ट. आणि एवढे दिवस दुखतंय ते आज सांगता? तुमचं हृदय आधीच अशक्त झालंय." त्यांनी औषधं बदलली, स्टेंटजवळची रक्तवाहिनी पुन्हा तपासावी लागेल म्हणाल्या, अंगणातच थोडंथोडं चालायला सांगितलं. मग भिकाजीने घसा खाकरून विचारलं, "आणि रापणीचो दोर ओढूक?"

"दोर नाही. कधीच नाही."

येताना एसटीत तो तळहातावरचे दोराचे घट्टे चोळत राहिला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी रापण लागली. शेवंतीने त्याला हाताला धरून किनाऱ्यावर आणलं, तो काठावर उभा राहिला. हाताची घडी घालून. ज्यांना तो जन्मभर हसला, त्यांच्या रांगेत. भाईने ते पाहिलं. त्याने दोराचं शेवटचं टोक उचललं आणि भिकाजीकडे आला.

"हात लायल्याशिवाय वाटो घेणंस नाय मां? मगे लाय हात. पण ओढलंस, तर शेवंतीवयनी माका जितो ठेवची नाय."

भिकाजीने दोर धरला. पुढे वीस माणसं "हैय्या" म्हणून झुकली, दोर ताणला, आणि त्या ओल्या ताणाबरोबर त्याच्या टाचा आपोआप वाळूत रुतायला लागल्या. त्याने त्या उपटून काढल्या. एकदा, दोनदा, दहादा. जाळं काठाला लागेपर्यंत तो नुसता धरून चालत राहिला. चाळीस वर्षांत एवढं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

त्या दिवशी त्याच्या वाट्याला चार बांगडे आले. भिकाजीने ते स्वतः घरी नेले.