कारंज्यात बाईंच्या योगवर्गात वजनं उचलताना

मैत्रिणीने पाठवलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला तरी विश्वास बसेना. माझ्या योगशिक्षिका कुसुमबाई, सत्तरीला आलेल्या, दोन्ही टोकांना वजनं लावलेला लोखंडी रॉड जमिनीवरून उचलत होत्या.

विदर्भातल्या कारंज्यात माझं सगळं तरुणपण याच बाईंच्या वर्गात गेलं. शरीर स्थिर करायचं, पिळदार नाही, ही त्यांची शिकवण. धान्याच्या दुकानदाराचा मुलगा इरफान जिमला जातो असं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला भर वर्गातून उठवलं होतं. आज मी पुण्यात त्यांच्याच पद्धतीने शिकवते. फोनवर विचारायचा धीर होईना, म्हणून सरळ तिकीट काढलं.

जाणार असाल तर रेल्वेने मूर्तिजापूरला उतरा. तिथून एसटी तासाभरात कारंज्याला पोहोचवते, बायकांना अर्धं तिकीट. हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्हीकडे तूर उभी असते, कापूस फुटलेला असतो. गुरुमंदिराजवळ साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. स्टँडबाहेरचा आलुबोंडा खा, पण चटणी जपून.

सकाळी वर्गाचा नवा पत्ता विचारत गेले, तर तो त्याच इरफानने आता काढलेल्या जिमचा निघाला! आत काही बायका हातापायांवर अस्वलासारख्या चालत होत्या. एक जण पदर खोचून दांड्याला लोंबकळत होती. डाळीची पोतडी कवटाळून कोणी उठाबशा काढत होतं. मधोमध बाई. मी चपला हातात धरून दारातच उभी राहिले.

यात योग कुठे आहे, असं मी जरा तोडूनच विचारलं. बाई रागावल्या नाहीत, याचा धक्का आणखी मोठा. त्यांनी मला शेजारी बसवलं.

"न्हाणीत पाय घसरला," त्या म्हणाल्या. "हाड मोडलं नाही. पण उठताच येईना मले. दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. इतकी वर्षं लोकायले सांगून राह्यली होती, शरीर ताब्यात ठेवा. अन् मले माहं सोताचं वजन उचलता नाही आलं."

 याच बाईंना मी दोन दोन तास ताठ बसलेलं पाहिलं होतं.

पायांत ताकद आणा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या इरफानकडे गेल्या आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. इरफान सांगत होता, त्याला आधी वाटलं बाई भांडायला आल्यात. मग त्याने खुर्ची पुढे केली आणि एवढंच विचारलं, "उद्या सकायी येता का?" खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात झाली. पुढे बाईंनी आपला वर्गच तिथे हलवला. आधी रांगणं, लोंबकळणं, वजनं, मग आसनं आणि प्राणायाम.

बाईंनी माझ्याही हातात पोतडी दिली आणि मांडी घातल्या जागेवरून उठ म्हणाल्या. मी कपाळ सहज गुडघ्यांना टेकवणारी. अर्ध्यावर मांड्या थरथरल्या आणि धपकन खाली बसले. कोणी हसलं नाही. इरफानने पोतडी काढून घेतली आणि स्टूल आणून दिलं.

दुपारी बाईंकडे भाकर आणि हिरव्या तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी जेवताना मी विचारलं, मग इतकी वर्षं आपण चुकीचं शिकवलं का?

"चूक नव्हतं," त्या म्हणाल्या. "अर्धं होतं."

जुनी जैन मंदिरं चुकवू नका, एवढं सांगते. मी गेले खरी, पण डोळ्यांसमोर न्हाणीत पडलेल्या बाईच येत राहिल्या.

पुण्यात परतून आता बरेच दिवस झालेत. वर्गात आता पोतड्या आल्या आहेत आणि त्या पाहून दोघीजणी सोडून गेल्या. त्यांचा राग मला कळतो. मीही तशीच दारात उभी होते.

माझ्या वर्गातल्या वासंतीकाकू सर्वांत वयस्कर. शवासनानंतर त्यांना नेहमी मी हात देऊन उठवायची. परवा हात दिला नाही, नुसती जवळ बसले. त्या घाबरून माझ्याकडे पाहत राहिल्या. मग कुशीवर वळल्या, एक गुडघा रोवला, थरथरत उभ्या राहिल्या.

 पुन्हा खाली बसल्या आणि परत एकदा उठून पाहिलं.