चौऱ्याण्णव गुणांची बाटली

विक्रांतराव घाटपांडे मानेसरच्या कारखान्यात सुटे भाग खरेदी करणाऱ्या खात्याचे साहेब. पुरवठादारांना शंभरपैकी गुण द्यायचे, साठाच्या खाली गेला की गेटबाहेर, यातच हयात गेली. बरं, ही खोड कारखान्यातच ठेवावी की नाही? छे! घरात मिक्सर आला तोही गुण बघून. आणि लेकीनं, शिवांगीनं, आशयचं नाव काढलं तेव्हा साहेबांनी त्याचं कॉलेज, पगार, दोनदा बदललेली नोकरी असं सगळं मांडून त्याला न भेटताच निकाल लावला: दहापैकी पाच.

शिवांगी आठवडाभर बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, शनिवारी तो जेवायला येतोय. एकदा नीट बोला त्याच्याशी. नाही जमलं, तर मी परत विचारणार नाही."

विचारणार नाही म्हणजे लग्न करणार नाही, की न विचारता करणार? हे विचारायची छाती काही त्यांना झाली नाही. 

मग या गृहस्थानं तयारी कसली करावी? वाइनची! समीक्षकांनी चौऱ्याण्णव गुण दिलेली परदेशी रेड वाइन आणली. न चाखताच, अर्थात.

आशय आला तो नाशिकची व्हाइट वाइन घेऊन. "काका, काकूंच्या तांबड्या रश्श्याबरोबर ही मस्त जाईल. जरा गोडसर आहे."

"गुण किती हिला?"

"ते नाही बघितले. मी पिऊन बघितली."

शिवांगीचा चेहरा पडला, कारण साहेबांनी ती बाटली मुकाट्यानं फ्रिजमध्ये टाकली होती.

ताटं वाढली, रेड ओतली. रश्श्याचा घास आणि वर तो घोट! विक्रांतरावांच्या जिभेला आग लागली, घसा कोरडा पडला. तरी म्हणतात काय, "छान आहे, नाही?"

"अगदी, काका," आशय कपाळाचा घाम पुसत म्हणाला. शिवांगी ताटातून मान वर करीना.

शेवटी त्यांच्या बायकोनं, नीलाताईंनीच, ग्लास खाली ठेवला. "अहो, कडूजहर आहे! रस्सा दुप्पट तिखट लागतोय. पोरगं बिचारं तुमच्या धाकानं गिळतंय."

"नीला, चौऱ्याण्णव गुण आहेत!"

"असतील. देणाऱ्यानं माझा रस्सा खाल्ला होता का?"

शिवांगीनं खुर्ची मागे सरकवली. ही उठून गेली तर परत विचारायला येणार नाही, हे विक्रांतरावांना लख्ख कळलं. तिच्याआधी तेच उठले, फ्रिजमधली बाटली काढली, आधी आशयला ओतली, मग स्वतःला. एक घोट घेतला. जिभेची आग निवली.

"चांगली आहे रे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

भाकरी आणायला शिवांगी आत गेली, तसे तेही मागोमाग गेले. आवाज अगदी बारीक. "ते पाच गुणांचं... त्याला कळू देऊ नकोस हं."

तव्यावरची भाकरी उतरवत शिवांगी म्हणाली, "मी त्याला तेव्हाच सांगितलंय, बाबा. तरी आलाय तो."